सोसून उभ्या राहिलेल्यांचे अनुभव आणि जनजागृती मोहिमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजार, अपघात, अत्याचार, व्यसन, युद्ध यांतून वाचलेली माणसं स्वतःचा अनुभव लोकांपुढे ठेवतात, तेव्हा ऐकणारा थबकतो. मोहिमा आखणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक असतं, म्हणून अशा अनुभवांना मोठी मागणी असते. खालचे काही प्रश्न मोहीम चालवणाऱ्यांचे आहेत, काही सांगायला पुढे येणाऱ्यांचे. दोघांचं हित जिथे जुळत नाही, तिथे आम्ही सांगणाऱ्याची बाजू घेतली आहे. मोहीम काही महिन्यांत पुढच्या विषयाकडे वळते. सांगणारा मात्र त्याच नात्यांत, त्याच नोकरीत, त्याच शेजारात राहतो.

आकडे हाताशी असताना एकाच माणसाची गोष्ट का सांगायची?

आकडा समजतो, पण त्याने माणूस हलत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांच्या हाती पाच डॉलर होते आणि त्यातले किती दान करायचे हे त्यांनीच ठरवायचं होतं. काहींना आफ्रिकेतल्या अन्नटंचाईचे लाखांतले आकडे वाचायला दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीबद्दल वाचायला दिलं. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. तिसऱ्या गटाला रोकियाची माहिती आणि आकडे दोन्ही दिले होते. त्यांची सरासरी १.४३ वर आली.

हा तिसरा निकाल फारसा कुणी सांगत नाही, पण मोहिमेच्या कामाला तोच येतो. गोष्ट ऐन रंगात असताना मध्येच आकडेवारी घुसडली की ऐकणारा मनाने बाजूला होतो. आकडे द्या, पण वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी. ते टाकून मात्र देऊ नका. निधी वाटणाऱ्याला आणि धोरण ठरवणाऱ्याला आकडेच लागतात, आणि लागायलाच हवेत. नाहीतर ज्या दुखण्याला बोलका चेहरा मिळाला नाही, त्याच्या वाट्याला काहीच येणार नाही.

अशा अनुभवकथनाने खरोखर काही बदलल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती ठोस आहेत.

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी हा आजार घरातल्या घरातसुद्धा कुजबुजत बोलला जाई. फोर्ड यांनी तो उघड सांगितला. त्यानंतर तपासणीसाठी जाणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली की नव्याने नोंदल्या गेलेल्या रुग्णांच्या आलेखातही ती उंचवट्यासारखी दिसते. काही आठवड्यांतच नियोजित उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हॅपी रॉकफेलर यांनाही स्वतःच्या तपासणीत गाठ सापडली.

दुसरं उदाहरण अनोळखी माणसांचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मार्च २०१२ मध्ये धूम्रपान सोडलेल्यांच्या अनुभवांवर मोहीम सुरू केली. त्यात नट नव्हते. घशाला भोक पाडून श्वास घेणारी, पाय गमावलेली, बोलायला यंत्र लागणारी खरी माणसं कॅमेऱ्यासमोर आली आणि सकाळी उठून तयार व्हायला आता काय काय करावं लागतं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. जाहिरातीत सिगारेट सोडायला मदत करणारा मोफत फोन क्रमांकही होता. २०१२ ते २०१८ या काळात या मोहिमेमुळे १ कोटी ६४ लाखांहून अधिक लोकांनी सोडायचा प्रयत्न केला आणि सुमारे १० लाख जणांनी कायमची सोडली, असा सीडीसीचा अंदाज आहे.

यात उपदेश जवळजवळ नव्हता, हे लक्षात घेण्याजोगं आहे. ‘सिगारेट वाईट’ हे बघणाऱ्याला आधीच माहीत होतं. घशाच्या भोकाला साबण लागू न देता दाढी कशी करायची, हे मात्र त्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

हा परिणाम किती दिवस टिकतो?

बहुतेक वेळा थोडेच दिवस. ब्रिटनमधली दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध तरुणी जेड गुडी हिला २००८ मध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं कळलं आणि मार्च २००९ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी ती गेली. तिच्या आजारपणाच्या काळात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक जास्त स्त्रियांनी तपासणी करून घेतली. पुढच्या काही वर्षांत तरुण स्त्रियांमधलं तपासणीचं प्रमाण पुन्हा घसरत गेलं.

त्यामुळे लाट येईल हे धरूनच तयारी हवी. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अमेरिकेतल्या एड्सविषयक मदत क्रमांकांवर फोनची रीघ लागली. अशा वेळी पलीकडे फोन उचलायला माणूस नसेल, तपासणी केंद्र बंद असेल किंवा पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळत असेल, तर हललेलं मन पुन्हा जागेवर जाऊन बसतं. मोहीम सुरू करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: उद्या सकाळी हजार माणसं आली तर ती कुठे जातील?

लोकांना गोष्ट लक्षात राहते, पण त्यातला मुद्दा समजतो का?

हे गृहीत धरू नका. अभिनेत्री अँजेलिना जोली हिने मे २०१३ मध्ये लेख लिहून सांगितलं, की बीआरसीए१ या जनुकातल्या दोषामुळे तिला कर्करोगाचा मोठा धोका होता आणि म्हणून तिने दोन्ही स्तनांची प्रतिबंधक शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत चारपैकी सुमारे तीन जणांना तिची बातमी माहीत होती. पण हा दोष नसलेल्या स्त्रीच्या तुलनेत तिचा धोका किती होता, हे नीट समजलेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी निघालं. लेखानंतरच्या कामकाजाच्या १५ दिवसांत जनुकीय चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या, मात्र चाचणी केलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेचं प्रमाण घटलं. म्हणजे ज्यांना मुळात फारसा धोका नव्हता अशा बऱ्याच जणी धावल्या असाव्यात.

दोष जोलीचा नाही. तिने स्वतःचं सांगितलं. ‘हे कुणाला लागू होतं आणि कुणाला नाही’ हे वाक्य जोडण्याची जबाबदारी तिची गोष्ट पुढे नेणाऱ्यांची होती.

‘वेळेवर तपासणी केली म्हणून मी वाचलो’ ही गोष्ट तरी निर्धोक आहे ना?

नेहमीच नाही. हे सांगताना आम्हालाही जड जातं, कारण असं म्हणणारा माणूस मनापासून बोलत असतो.

दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉईडची सोनोग्राफी त्या कार्यक्रमाचा भाग नव्हती, पण थोडे जास्त पैसे भरून ती सहज करून मिळत असे. गाठी सापडू लागल्या, शस्त्रक्रिया होऊ लागल्या. २०११ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. सापडलेल्या बहुतेक गाठींनी त्या माणसांना आयुष्यभरात कधीच त्रास दिला नसता, असा याचा अर्थ निघतो. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागल्या, काहींच्या स्वरयंत्राच्या नसांना इजा झाली. २०१४ मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा वर्षभरात शस्त्रक्रिया ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

आता यातल्या प्रत्येक रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. गाठ सापडली, काढली, मी ठणठणीत आहे. साहजिकच वाटणार की तपासणीने जीव वाचवला. तो इतरांनाही आग्रहाने पाठवणार. अनावश्यक तपासणी जितकी जास्त, तितके ‘वाचलेले’ जास्त आणि त्या तपासणीची कीर्तीही तितकीच जास्त. एका माणसाच्या अनुभवातून हे चक्र दिसूच शकत नाही, त्यासाठी मोठ्या लोकसंख्येचा अभ्यास लागतो. म्हणून वैद्यकीय सल्ला असलेली कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करण्याआधी, ती तपासणी कोणत्या वयाला, कोणत्या धोक्याला उपयोगी ठरते याचे पुरावे पाहिलेच पाहिजेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा फायदा भक्कम पुराव्यांनी सिद्ध आहे, तिथे अशी गोष्ट बिनदिक्कत सांगावी.

आणि जे वाचले नाहीत, त्यांचं काय?

हा प्रश्न पुरेसा विचारला जात नाही. व्यासपीठावर येतो तो जगलेला. ज्याचा आजार वेगाने वाढला, ज्याला औषध परवडलं नाही, जी घराबाहेर पडूच शकली नाही, ती माणसं बोलायला येत नाहीत. सतत विजयाच्याच गोष्टी ऐकल्या की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत हिशेब बसतो: धीर धरला की माणूस बरा होतो. मग जो बरा झाला नाही त्याने धीर सोडला असणार, असा त्याचा दुसरा भाग आपोआप तयार होतो. आजार हाडांपर्यंत पसरलेल्या बाईला जेव्हा कुणी ‘तूसुद्धा लढ, ती बघ कशी लढली’ असं म्हणतं, तेव्हा तिच्यावर तिच्याच मरणाचा दोष ठेवला जातो.

यावर उपाय आहेत. नातेवाइकांना बोलू द्या. उपचार चालू असलेल्यांना, ज्यांचा शेवट अजून ठरलेला नाही त्यांना बोलू द्या. परत व्यसनाकडे गेलेल्याला आणि पुन्हा सावरणाऱ्यालाही जागा द्या. आणि लढाई, जिंकणं, हरणं ही भाषा सांगणाऱ्याने स्वतः वापरली तरच ठेवा, मथळ्यात तुमच्या पदरची घालू नका.

भीती दाखवावी की आशा?

भीतीबरोबर लगेच करता येण्याजोगी गोष्ट दिली तर भीती उपयोगी पडते. नुसती भीती दिली तर माणूस चॅनेल बदलतो. याहून लांब उत्तराची गरज नाही.

आत्महत्येच्या विचारातून बाहेर आलेल्यांचे अनुभव सांगणं धोक्याचं आहे का?

कसं सांगता यावर ते पूर्णपणे अवलंबून आहे, आणि इथे चूक जिवावर बेतते. आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे, तपशिलांसह छापल्या की तशा घटना वाढतात, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. व्हिएन्नात १९८७ मध्ये वर्तमानपत्रांनी वार्तांकनाचे नियम पाळायला सुरुवात केली आणि ज्या प्रकारच्या घटना आधी भडकपणे छापल्या जात होत्या, त्या लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. संकटात असताना मनात तसे विचार आले, पण माणसाने मार्ग काढला, अशा आशयाच्या लेखांनंतर आत्महत्यांचं प्रमाण घटल्याचं त्यात दिसलं. म्हणजे सावरण्याची गोष्ट जीव वाचवू शकते. सांगताना पद्धत, जागा आणि चिठ्ठी यांचा उल्लेख नको. ‘एकाच कारणामुळे’ असं सोपं स्पष्टीकरण नको. सर्वाधिक जागा द्यायची ती या प्रश्नांना: मदत कुणाकडे मागितली, पहिलं वाक्य काय बोललं, समोरच्याने काय केलं, वाईट दिवस आज आला तर काय करतो. आणि मदतीचा क्रमांक त्याच पानावर, चालू आहे याची खात्री करून.

समाजातला कलंक कमी करायला व्हिडिओ पुरतो का?

मदत होते, पण समोरासमोरच्या भेटीची बरोबरी होत नाही. मानसिक आजारांविषयीच्या कलंकावर पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रौढांच्या बाबतीत माहिती देण्यापेक्षा, आजार अनुभवलेल्या माणसाशी संपर्क अधिक परिणामकारक ठरला आणि प्रत्यक्ष भेट व्हिडिओपेक्षा सरस ठरली. किशोरवयीनांमध्ये मात्र माहिती आणि शिक्षणाचा परिणाम जास्त दिसला. निधी मर्यादित असेल तर एक चकचकीत चित्रफीत बनवण्यापेक्षा पन्नास छोट्या बैठका घ्याव्यात, असं आमचं मत आहे. बैठकीत प्रश्न विचारता येतात, आणि चहाच्या कपाभोवती कुणीतरी हळूच म्हणतं, ‘माझ्या भावालाही...’

कुणाची गोष्ट निवडायची?

इथे मोहिमांचा कस लागतो. निवडणाऱ्यांचा कल नेहमी निष्पाप, गोड, कुणालाही न खटकणाऱ्या माणसाकडे असतो. रायन व्हाइट या अमेरिकी मुलाला हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजारावरच्या उपचारातून एचआयव्हीचा संसर्ग झाला. १९८४ मध्ये, वयाच्या १३ व्या वर्षी निदान झालं आणि पुढे शाळेने त्याला प्रवेश नाकारला. त्याने आणि त्याच्या आईने दिलेल्या लढ्याने देशाचं मत बदलायला मोठी मदत केली. एप्रिल १९९० मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने एचआयव्हीग्रस्तांच्या उपचारांसाठीचा कायदा झाला. पण बातम्यांमधून त्याला ‘निरपराध बळी’ म्हटलं जाई, आणि त्याचा उलटा अर्थ असा की बाकीचे रुग्ण अपराधी. रायनने स्वतः हा भेद नाकारला होता. संसर्ग कसा झाला याने काही फरक पडत नाही, मी इतर रुग्णांसारखाच आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याआधीच, १९८३ मध्ये, डेन्व्हर शहरातल्या एका परिषदेत एड्सचे रुग्ण व्यासपीठावर चढले होते. आमच्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात आम्हाला स्थान हवं, असा जाहीरनामा त्यांनी वाचून दाखवला. त्यातला विचार आजही पुरेसा अमलात आलेला नाही. गोष्ट सांगायला बोलावलेल्या माणसाला मोहिमेच्या आखणीच्या बैठकीतही खुर्ची असली पाहिजे. मजकूर काय असेल, फोटो कोणता, वेळ कोणती, हे ठरवताना तो तिथे हवा.

निवडीसाठी एकच कसोटी द्यायची तर ती अशी: ज्याच्यापर्यंत पोहोचायचं आहे त्याला सांगणाऱ्यात स्वतःचा कुणीतरी दिसतो का? दारू पिऊन हात उगारणाऱ्याच्या बायकोला एखाद्या तारकेच्या मुलाखतीपेक्षा तिच्यासारखंच घर सोडून परत आलेल्या, मग पुन्हा सोडलेल्या बाईचं बोलणं जवळचं वाटेल. परत येण्याचा तो भाग कापू नका. ऐकणारी नेमकी तिथेच अडकलेली असते.

बोलल्याने सांगणाऱ्याचं मन हलकं होतंच ना?

काहींचं होतं. पण हे धरून चालणं धोक्याचं आहे. धक्कादायक प्रसंगानंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत पूर्वी बरीच प्रचलित होती. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा एकाच बैठकीने नंतरचा मानसिक आघात टळतो असं दिसलं नाही, उलट काहींना त्याने अपाय होण्याची शक्यता दिसली. प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर टप्प्याटप्प्याने अनुभवाकडे पाहणं हा उपचार आहे. कॅमेऱ्यासमोर सांगणं हे काम आहे. पहिल्याच्या नावाखाली दुसरं करून घेऊ नये.

दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि सलोखा आयोगाचं उदाहरण यासाठी नेहमी आठवावं. १९९६ पासून या आयोगाने वर्णद्वेषी राजवटीत सोसलेल्यांची निवेदनं घेतली, ती २१,००० हून अधिक होती. त्यांतल्या काही जणांनी जाहीर सुनावणीत, दूरचित्रवाणीवर देशभर दिसेल अशा रीतीने सांगितलं. अनेकांना प्रथमच कुणीतरी ऐकलं. पण भरपाई लांबत गेली, आणि अखेरीस २००३ मध्ये जी एकरकमी ३०,००० रँडची मदत जाहीर झाली, ती आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा खूपच कमी होती. सगळं उघडं करून सांगितल्यावर पुढे काही होत नाही, हे दुःख पहिल्या दुःखावर येऊन बसतं. जे देता येणार नाही त्याची आशा दाखवू नका, नुसत्या सुरानेसुद्धा.

व्यवहारात एवढं तरी करा. मुलाखतीत सर्वात वाईट क्षणाचं वर्णन स्वतःहून मागू नका, तो क्षण येईल तेव्हा आणि तेवढाच येऊ द्या. ‘थांबूया’ म्हणायचा अधिकार आधीच सांगा, आणि तो वापरला तर चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नका. सोबत विश्वासातलं माणूस असू द्या. त्याच संध्याकाळी आणि काही दिवसांनी पुन्हा फोन करा. गोष्ट प्रसिद्ध होईल त्या दिवशी तर कराच, कारण प्रतिक्रिया त्या दिवशी येतात. प्रतिक्रियांवर देखरेख ठेवणं हे तुमचं काम आहे. शिव्या वाचायचं काम त्या माणसावर सोडू नका.

संमती नेमकी कशी घ्यायची?

फॉर्मवर सही म्हणजे संमती, असं समजू नका. अडचणीत मदत केलेल्या संस्थेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर औषध बंद होईल, वकील मिळणार नाही. म्हणून विचारणारी व्यक्ती त्याला सेवा देणारी नसावी, आणि नकार दिला तरी मदतीत काहीही बदल होणार नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावं.

मग टप्प्याटप्प्याने विचारा: सांगायला तयार आहात का? रेकॉर्ड करू का? फोटो? नाव? समाजमाध्यमांवर टाकू? इतर संस्थांना देऊ? किती वर्षं वापरू? एकाला हो म्हणजे सगळ्याला हो नव्हे. तयार झालेला मजकूर किंवा चित्रफीत प्रसिद्ध होण्याआधी त्यांना दाखवा आणि विचार करायला काही दिवस द्या. घरच्यांना ठाऊक आहे का, हेही विचारा. एकाच्या गोष्टीत आई, नवरा, मुलं आपोआप येतात आणि त्यांनी सही केलेली नसते.

संमती मागे घेता येते. हे सांगताना पुढचं वाक्यही प्रामाणिकपणे सांगा: आम्ही आमच्याकडून काढून टाकू, पण एकदा इंटरनेटवर गेलेलं इतरांनी उतरवून घेतलं असेल तर ते आमच्या हातात नाही.

नाव बदललं, चेहरा धूसर केला. पुरे ना?

सहसा पुरत नाही. ओळखणारे लोक चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, ते तुकडे जोडतात. व्यवसाय, मुलांची संख्या, घटनेचा महिना, बोलण्याची लकब, हातावरचं गोंदण, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. सांगणाऱ्याबरोबर बसून विचारा: तुम्हाला जाणणाऱ्या माणसाने हे वाचलं तर कशावरून ओळखेल? ते तपशील काढा किंवा बदला, आणि ‘ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत’ अशी नोंद द्या. आवाज बदला. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असते, तीही पुसा.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हा कायद्याचाही प्रश्न आहे. भारत आणि ब्रिटनसह अनेक देशांत अशा व्यक्तीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. काही परिस्थितीत ती व्यक्ती लेखी परवानगी देऊ शकते, तरी आधी वकिलाला विचारा.

लहान मुलांच्या गोष्टी वापराव्यात का?

शक्यतो नाही. पालकांच्या सहीने कायदा भागेल. पण ते मूल वीस वर्षांचं झाल्यावर नोकरीसाठी अर्ज करेल आणि त्याचं नाव शोधल्यावर आयुष्यातला सर्वात वाईट दिवस पहिल्या ओळीत येईल. मोठं झालेल्या माणसाने आपल्या बालपणाविषयी स्वतःच्या मर्जीने सांगितलेलं वापरा.

सांगणाऱ्याला मानधन द्यावं का? त्याने गोष्टीची विश्वासार्हता कमी होते असं म्हणतात.

द्यावं. छायाचित्रकाराला पैसे मिळतात, मजकूर लिहिणाऱ्याला मिळतात, जाहिरात संस्थेला मिळतात. ज्याच्या आयुष्यावर हे सगळं उभं आहे त्यालाच ‘समाजकार्य’ म्हणून फुकट बोलवायचं, हे आम्हाला पटत नाही. प्रवास, बुडालेला रोज, मुलांना सांभाळायची सोय, हे तर किमान झालं. रक्कम आधी ठरवा, ती वेळेची आणि श्रमाची असू द्या, आणि गोष्ट किती करुण आहे यावर ती कमीजास्त करू नका. अधिक रडवणाऱ्याला अधिक पैसे मिळायला लागले, तर तुम्हीच त्याला वाढवून सांगायला शिकवता.

खरी माणसं धोक्यात येऊ नयेत म्हणून एआयने बनवलेला चेहरा किंवा काल्पनिक गोष्ट चालेल का?

खोटा चेहरा खरा म्हणून दाखवू नका. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने २०२३ मध्ये कोलंबियातल्या निदर्शकांवरील अत्याचारांविषयी एआयने तयार केलेल्या प्रतिमा वापरल्या. हेतू निदर्शकांची ओळख लपवण्याचा होता. तरी टीका झाली आणि त्यांना त्या मागे घ्याव्या लागल्या. कारण उघड आहे: अत्याचार झालेच नाहीत असं म्हणणाऱ्यांच्या हाती त्याने आयतं कोलीत मिळतं. रेखाटनं वापरा, हातांचे फोटो वापरा, दुसऱ्याच्या आवाजात वाचून घ्या आणि तसं लिहा. अनेकांच्या अनुभवांतून एक गोष्ट गुंफली असेल तर तेही पहिल्याच ओळीत सांगा.

घडून खूप वर्षं झाली. आता सांगून काय उपयोग?

हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना आधी अमेरिकी ताब्यातल्या काळातली सेन्सॉरशिप आड आली. मग लग्न जमणार नाही, नोकरी मिळणार नाही ही भीती होती. अनेक जण कित्येक वर्षं गप्प राहिले. निहोन हिदांक्यो ही त्यांची संघटना उभी राहिली ती १९५६ मध्ये, बॉम्ब पडल्यानंतर ११ वर्षांनी. तिला शांततेचं नोबेल मिळालं २०२४ मध्ये. काही जण तर नातवंडं झाल्यावर पहिल्यांदा बोलले. उशिरा सांगितलेलं कमी खरं नसतं.

मला माझा अनुभव सांगायचा आहे. आधी काय ठरवू?

सर्वात आधी, काय सांगायचं नाही ते ठरवा. ते कागदावर लिहा आणि मुलाखतीआधी समोरच्याला द्या. पत्रकार वा कार्यकर्ता कितीही आपुलकीने वागला तरी त्या यादीतलं काही सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

सगळं सांगितलं तरच सांगितल्यासारखं, असंही नाही. टॅराना बर्क यांनी २००६ मध्ये ‘मी टू’ (म्हणजे ‘मीसुद्धा’) हे शब्द लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींना एकटं वाटू नये म्हणून वापरायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते जगभर पसरले, तेव्हा लाखो जणींनी त्या दोन शब्दांपलीकडे काहीच लिहिलं नाही. कोण, कुठे, कसं, काही नाही. तरी ते ऐकू गेलं.

प्रकरण न्यायालयात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही जाहीर बोलू नका, उलटतपासणीत तीच ओळ पुढे येऊ शकते. त्रास देणाऱ्याला तुमचा ठावठिकाणा माहीत नसेल, तर फोटोत खिडकीबाहेरचं दृश्यसुद्धा येऊ देऊ नका.

पहिल्यांदा सांगाल ते छोट्या गटात सांगा, रेकॉर्डिंगशिवाय. दुसऱ्या दिवशी झोप कशी लागली, जेवण गेलं का, ते पाहा. त्रास झाला तर थांबा. हो म्हटल्यावरही नाही म्हणता येतं, अगदी कॅमेरा लावून झाल्यावरसुद्धा, आणि कारण द्यावं लागत नाही.